रताळे आणि कोनफळ : पोषण व पाकगुणांची तुलना

सुरती उंधियूची पाककृती गुजरातीतून उतरवून घेणाऱ्या मराठी माणसाची एक फसगत ठरलेली असते. जिन्नसांच्या यादीत ‘शक्करियां’ आणि ‘रताळू’ अशी दोन नावे येतात. पहिले अनोळखी वाटते, दुसरे घरचे. मग रताळी आणली जातात आणि यादीतला एक कंद दोनदा, तर दुसरा अजिबात नाही, असा उंधियू शिजतो. वस्तुतः गुजरातीतील ‘शक्करियां’ म्हणजे आपले रताळे, आणि ‘रताळू’ म्हणजे आपले कोनफळ. हिंदीतही ‘शकरकंद’ म्हणजे रताळे आणि ‘रतालू’ म्हणजे कोनफळाच्या कुळातील कंद. स्वयंपाकघरात या चुकीची किंमत एका भाजीपुरती असते. मात्र परराज्यातून बेणे मागवणाऱ्या शेतकरी गटाने ‘रतालू’ असे लिहून पाठवले, तर वेलांच्या फाट्यांऐवजी कंदांची पोती येतात आणि साडेतीन महिन्यांच्या पिकाची तयारी करून बसलेल्या शेतात आठ-नऊ महिन्यांचे पीक उभे करावे लागते.

ओडिया, बंगाली आणि दक्षिणेकडील भाषांतही दर काही कोसांवर नाव बदलते. ओडिशात रताळ्याला ‘कंदमूळ’ आणि कोनफळाला ‘खंब आळू’ म्हणतात. बंगालात रताळे ‘रांगा आलू’ किंवा ‘मिष्टी आलू’ असते, तर कोनफळ ‘चुपडी आलू’. केरळात अनुक्रमे ‘मधुरक्किळंगु’ आणि ‘काच्चिल’. कन्नडमध्ये ‘गेणसू’ या शब्दामागे कोणते विशेषण लागले आहे, यावर कंद ठरतो : ‘सिहि गेणसू’ म्हणजे रताळे आणि ‘मर गेणसू’ म्हणजे साबुकंद. हा गोंधळ केवळ आपल्याकडचाच आहे, असेही नाही. अमेरिकेत लुईझियाना राज्यातील उत्पादकांनी १९३० च्या दशकात आपली नारिंगी गराची रताळी वेगळी ओळखू यावीत म्हणून ‘यॅम’ या नावाने विकली. यॅम हे खरे तर कोनफळाच्या कुळाचे नाव. त्यामुळे इंग्रजी संकेतस्थळांवरील ‘यॅम’ची पोषणमूल्ये वाचताना ती नेमकी कोणत्या कंदाची आहेत, हे आधी तपासावे लागते. विस्तार साहित्यात शिरलेल्या अनेक चुकीच्या आकड्यांचे मूळ इथे सापडते.

नावावर विसंबण्यापेक्षा कंद कापून पाहावा. रताळ्याच्या कापावर लगेच पांढऱ्या चिकाचे थेंब दिसतात. कोनफळाच्या कापावर चीक नसतो. बोटांना बुळबुळीत, ताणला जाणारा द्रव लागतो. शेतात तर शंकेला जागाच नाही. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो, त्याची पाने एकाआड एक येतात आणि फूल गारवेलीच्या फुलासारखे असते, कारण दोघे एकाच कुळातले. कोनफळाचा वेल आधारावर चढतो. त्याची पाने हृदयाकृती व बहुधा समोरासमोर असतात आणि खोड चौकोनी असून त्याच्या कडांना पातळ पंख असतात. शास्त्रीय नावातील ‘अलाटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पंख असलेला असाच आहे. रताळे (आयपोमिया बटाटास) द्विदल वनस्पतीचे फुगलेले मूळ आहे, तर कोनफळ (डायोस्कोरिया अलाटा) एकदल वनस्पतीचा कंद. एक अमेरिका खंडातून आपल्याकडे आले, दुसरे मूळचे आशियातले. एकाच टोपलीत शेजारी शेजारी बसणाऱ्या या दोघांमध्ये वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नात्याचा लवलेश नाही.

अन्नघटक

प्रत्येक १०० ग्रॅम कच्च्या खाद्य भागाचा विचार केला, तर रताळ्यात सुमारे ७७ ग्रॅम पाणी, २० ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यातून सुमारे ८६ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कोनफळवर्गीय कंदात पाणी ७० ग्रॅमच्या आसपास, कर्बोदके २८ ग्रॅम, तंतू ४ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ११८ किलोकॅलरी. वाण, जमीन, काढणीची वेळ यांनुसार हे आकडे बदलतात. ते दिशा दाखवणारे म्हणून वाचावेत.

वरवर पाहता कोनफळ अधिक ‘पौष्टिक’ वाटते. पण पाणी बाजूला काढून केवळ शुष्क भागाची तुलना केली, तर हा फरक जवळजवळ विरून जातो. रताळ्याच्या २३ ग्रॅम शुष्क भागातून ८६ आणि कोनफळाच्या ३० ग्रॅम शुष्क भागातून ११८ किलोकॅलरी, म्हणजे दोन्हीकडे ग्रॅमला चारपेक्षा किंचित कमी. ऊर्जेतला फरक मुख्यतः पाण्याचा आहे. प्रथिने दोघांतही दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नाममात्र. यांपैकी कोणताही कंद डाळीची वा कडधान्याची जागा घेऊ शकत नाही. उंधियूत या कंदांबरोबर तुरीचे, वालाचे ओले दाणे असतात, रायगडच्या पोपटीत वालाच्या शेंगा असतात. आपल्या पारंपरिक पदार्थांनी ही उणीव फार पूर्वीच ओळखलेली दिसते.

खरा फरक कर्बोदकांच्या स्वरूपात आहे. कच्च्या रताळ्यात दर शंभर ग्रॅमला सुमारे ४ ग्रॅम साखर असते, कोनफळात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शिजवताना रताळ्यातील साखर आणखी वाढते; त्याचे कारण पुढे पाहू. पोटॅशियमच्या बाबतीत कोनफळ बरेच पुढे आहे : रताळ्यात सुमारे ३४० मिलिग्रॅम, तर कोनफळवर्गीय कंदांत ८०० मिलिग्रॅमच्या आसपास. निरोगी माणसाला, विशेषतः मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या आहारात, हे हिताचेच आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने पोटॅशियमवर निर्बंध असलेल्या रुग्णाला मात्र ‘उपवासाला कोनफळ खा, हलके असते’ असा सल्ला देऊ नये.

मधुमेहाच्या संदर्भात रताळ्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात : गोड म्हणून वर्ज्य, किंवा तंतुमय म्हणून हवे तितके चालते. दोन्ही चूक. उकडलेल्या रताळ्यामुळे रक्तशर्करा तुलनेने सावकाश वाढते; तेच रताळे निखाऱ्यात वा भट्टीत भाजले, तर ग्लायसेमिक निर्देशांक बराच वर जातो. कोनफळात साखर कमी असली, तरी एकूण कर्बोदके जास्त आहेत. तेव्हा कंद कोणता, यापेक्षा तो कसा शिजवला आणि किती खाल्ला, हे अधिक महत्त्वाचे. त्या जेवणात पोळी वा भात तेवढा कमी करावा, हा साधा नियम दोघांनाही लागू पडतो.

उपवासाच्या ताटाचा उल्लेख इथे केला पाहिजे. आपला उपवास बहुतांशी साबुदाण्यावर चालतो, आणि साबुदाणा म्हणजे तमिळनाडूतील सेलम परिसरात साबुकंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च. तंतू, खनिजे, जीवनसत्त्वे त्यात नावापुरतीच उरतात. त्या खिचडीच्या जागी रताळ्याचा कीस किंवा कोनफळाची भाजी आली, तर धर्मशास्त्र जसेच्या तसे राहते आणि आहार मात्र निश्चितपणे सुधारतो. आषाढी एकादशी व महाशिवरात्र या दोन दिवसांभोवती रताळ्याचा बाजार फिरतो, तो वर्षभर पसरवायचा असेल, तर प्रचार याच मुद्द्यावर व्हायला हवा.

रंगावरून काय कळते आणि काय कळत नाही

प्रात्यक्षिकांत आणि भित्तिपत्रकांत एक चूक वारंवार दिसते : ‘रंगीत कंदांत जीवनसत्त्व अ भरपूर.’ या एका वाक्यात दोन स्वतंत्र गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, आणि ज्या कुटुंबात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री आहे, त्या कुटुंबाच्या दृष्टीने ही सरमिसळ निरुपद्रवी नाही.

नारिंगी रंग बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ तयार करते. जांभळा रंग अँथोसायनिनचा. ती उपयुक्त प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये आहेत, परंतु त्यांपासून जीवनसत्त्व अ मुळीच तयार होत नाही. पांढऱ्या गराच्या रताळ्यात दोन्ही नगण्य. आपल्या बाजारात लाल सालीची, पण आतून पांढरी रताळी सर्वाधिक असतात; सालीचा लाल रंग पाहून नारिंगी गराचे श्रेय त्यांना देता येत नाही. कोनफळाचा गर जातीनुसार पांढरा किंवा जांभळा असतो. जांभळे कोनफळ कितीही गडद असले, तरी रातांधळेपणावर ते उपाय नाही.

१९६३ साली तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने या दोन्ही दिशांनी काम केले आहे. संस्थेच्या भुवनेश्वर येथील प्रादेशिक केंद्राच्या ‘भू सोना’ या नारिंगी वाणात दर १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. प्रचलित वाणांत ते २ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. ‘भू कृष्णा’ या जांभळ्या गराच्या रताळ्यात सुमारे ९० मिलिग्रॅम अँथोसायनिन आहे. कोनफळवर्गात ‘श्री नीलिमा’ हा जांभळा वाण आहे, त्यात सुमारे ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन असते. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण केलेल्या १७ जैवसंपृक्त वाणांत त्याचा समावेश होता.

‘भू सोना’च्या आकड्याचा व्यवहारातील अर्थ असा. पन्नास ग्रॅम गरात ७ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन. शिजवताना पाव हिस्सा गेला, असे धरले, तरी पाच मिलिग्रॅमहून अधिक उरते. बारा भाग बीटा-कॅरोटीनपासून एक भाग जीवनसत्त्व अ, या प्रमाणाने ते ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाते. एक ते तीन वर्षांच्या बालकाची रोजची शिफारस जवळपास एवढीच आहे. म्हणजे मुलाच्या मुठीत मावेल इतके नारिंगी रताळे एका दिवसाची गरज भागवते. पांढऱ्या रताळ्याने किंवा कोनफळाने ही गरज भागवणे कोणत्याही प्रमाणात शक्य नाही. मोझांबिक, युगांडा या देशांत नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कारणासाठी. या कामात मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा, यान लो आणि हॉवर्थ बौइस यांचा वाटा होता.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. बीटा-कॅरोटीन तेलातुपाशिवाय नीट शोषले जात नाही, म्हणून नुसत्या उकडलेल्या फोडीपेक्षा चमचाभर तूप, तेल किंवा शेंगदाण्याचे कूट घातलेला कीस चांगला. आणि उन्हात वाळवलेल्या फोडींतून ते झपाट्याने नष्ट होते. पीठ करायचे असल्यास पातळ काप सावलीत किंवा झाकलेल्या सौर वाळवणीयंत्रात वाळवावेत.

नारिंगी वाणांची एक अडचण प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्यांचा गर सामान्यतः ओलसर व मऊ असतो. आपल्याकडच्या लोकांना आवडते ते पिठूळ, कोरडे, तोंडात भुगा होणारे रताळे. ‘चव पचपचीत आहे’ ही गृहिणींची तक्रार अडाणीपणाची नव्हे, ती शुष्क भागाच्या टक्केवारीची नेमकी नोंद आहे. अशा वाणांची ओळख उकडलेल्या रताळ्याने करून देण्याऐवजी पुरी, घाऱ्या, शिरा, थालीपीठ यांतून करून द्यावी. तिथे ओलसरपणा उलट उपयोगी पडतो आणि पाणी कमी लागते.

चुलीवर

रताळे शिजताना गोड होते, कोनफळ होत नाही. रताळ्याच्या गरात अमायलेझ हे विकर मोठ्या प्रमाणात असते. गराचे तापमान साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना स्टार्च फुगलेला असतो आणि विकर अजून जिवंत असते. या अवधीत स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर होते. हा अवधी जितका लांबेल, तितका गोडवा वाढतो. म्हणून राखेत सावकाश भाजलेले रताळे सर्वांत गोड, आणि मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटांत शिजवलेले सर्वांत फिके. तिखट भाजी करायची असेल, तर फोडी थेट उकळत्या पाण्यात टाकाव्यात. विकर लवकर निकामी होते आणि गोडसरपणा आवाक्यात राहतो.

पाकातल्या रताळ्यांचा एक नेहमीचा अनुभव असा, की फोडी कितीही वेळ उकळल्या, तरी दडस राहतात. गुळाचा वा साखरेचा दाट पाक आणि चिंचेसारखा आंबटपणा यांत कंदाच्या पेशीभित्ती मऊ होण्यास फार वेळ लागतो. फोडी आधी वाफवून घ्याव्यात, मग पाकात सोडाव्यात. चिरलेल्या फोडी चिरल्याबरोबर पाण्यात टाकल्या, तर चिकामुळे त्या काळ्या पडत नाहीत.

कोनफळाचा गुण वेगळा. त्याचा स्टार्च शिजल्यावर घट्ट होतो, फोड आकार सोडत नाही आणि मसाला बाहेरून धरून ठेवते. म्हणूनच उंधियूत रताळे किंचित विरघळून रसाला गोडी व दाटपणा देते आणि कोनफळ आपला तुकडा अखंड राखते; दोघांनाही तिथे जागा आहे, ती या कारणाने. सुरतेची रताळू पुरी म्हणजे कोनफळाच्या चकत्यांची भजी. वर भरडलेले धणे आणि मिरे दाबलेले असतात, आणि आतला काप तळल्यावरही भुसभुशीत राहतो. रताळ्याची चकती तशी तळली, तर साखरेमुळे ती आतून शिजण्याआधीच बाहेरून करपू लागते. केरळात धनु महिन्यातील तिरुवातिरा सणाला इतर कंदांबरोबर काच्चिल असतो. एरवी तो नुसता उकडून, कांतारी मिरचीच्या ठेच्याबरोबर खाण्याची रीत आहे. फिलिपिन्समध्ये जांभळ्या कोनफळापासून ‘उबे’ची मिठाई होते. कोकणात काप आणि काचऱ्या होतातच. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर तिखटमिठाच्या पदार्थांत कोनफळाला तोड नाही, आणि गोडात रताळ्याला.

कोनफळ सोलताना काहींच्या हाताला खाज सुटते. बुळबुळीत द्रवातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक त्याला कारणीभूत असतात. हाताला तेल लावावे, किंवा कंद सालीसकट उकडून मग सोलावा. जांभळा रंगही त्यामुळे पाण्यात कमी उतरतो. हा रंग आंबटपणात लालसर होतो आणि सोड्यामुळे निळसर-हिरवट पडतो. भज्यांच्या पिठात सोडा घातल्यावर कापाच्या कडा निळ्या दिसल्या, तर घाबरण्याचे कारण नाही, पण ग्राहक घाबरतो. विक्रीच्या पदार्थांत सोडा टाळून चार थेंब लिंबू वापरावे. कोनफळ कच्चे कधीही खाऊ नये. आणि रानातून आणलेल्या अनोळखी कणगवर्गीय कंदांवर घरगुती प्रयोग करू नयेत. या कुळातील काही रानटी जाती विषारी असून त्या चिरून, वाहत्या पाण्यात ठेवून, वारंवार उकळून खाण्यायोग्य करण्याचे ज्ञान आदिवासी समाजांकडे आहे, पाककृतीच्या पुस्तकांकडे नाही.

रताळ्याबाबतचा धोका निराळा आहे. सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या कंदात कडवट द्रव्ये तयार होतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. कडू भाग कापून उरलेले खाण्यापेक्षा कंदच टाकून द्यावा. असे किडके, बुरशी आलेले कंद जनावरांपुढे टाकण्याची प्रथा मात्र तत्काळ थांबवली पाहिजे : बुरशी लागलेल्या रताळ्यात फुफ्फुसांना घातक अशी विषद्रव्ये निर्माण होतात आणि गुरे श्वास कोंडून दगावू शकतात.

लागवड व साठवण यांतील फरक

रताळ्याचे बेणे म्हणजे वेलाचे फाटे. ६० बाय २० सेंटिमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे ८३ हजार फाटे लागतात. ते रोपवाटिकेत स्वस्तात तयार होतात आणि खाण्याचा कंद बेण्यात खर्ची पडत नाही. कोनफळात बेणे हाच कंद. ९० बाय ९० सेंटिमीटर अंतर आणि पाव किलोचा तुकडा धरला, तर हेक्टरी तीन टनांहून अधिक खाण्यायोग्य माल जमिनीत पुरावा लागतो, शिवाय वेलाला आधार हवा. कोनफळाचा बाजारभाव चढा राहण्यामागे हे एक मोठे कारण आहे. २५ ते ३० ग्रॅमच्या लहान तुकड्यांची आधी रोपवाटिका करून मग लागण करण्याच्या पद्धतीने बेण्याचा खर्च बराच कमी होतो. प्रत्येक तुकड्याला साल असली पाहिजे, एवढे पाहावे. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोनफळाचा ‘कोकण घोरकंद’ आणि रताळ्याचा ‘कोकण अश्विनी’ हे वाण दिलेले आहेत.

काढणीनंतर या दोघांची भूमिका उलटते. रताळे आपल्या हवामानात साध्या खोलीत दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही, आणि शीतकपाटात ठेवल्यास गर कडक होऊन शिजेनासा होतो. बारा अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. काढणीनंतर चार ते सात दिवस उबदार, दमट जागेत ठेवून सालीवरच्या जखमा भरू दिल्या, तर टिकाऊपणा वाढतो. कोनफळाला निसर्गतः सुप्तावस्था असते. हवेशीर सावलीत, जखम न झालेला कंद तीन महिने सहज राहतो. म्हणून उत्तरायणाचा उंधियूचा बाजार संपून भाव पडले, तरी कोनफळ उत्पादकाला थांबता येते. रताळे उत्पादकाने मात्र सणाच्या तारखेकडून मागे दिवस मोजून लागण करावी. महाशिवरात्रीसाठी माल हवा असेल, तर वाणाच्या मुदतीप्रमाणे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्यापर्यंत फाटे जमिनीत गेलेले असावेत.